रविवारी संध्याकाळी मेस बंद

हणमंतने जाताना टाकी पायरीवर ठेवली,
अडीच फुटी, झाकणाला दोरी बांधलेली.
म्हणाला, काकू, दोन महिन्यांचं थकलंय,
तोवर हे राहू द्या.
आत नऊ मासे. मी मोजून घेतले, हिशेब म्हणजे हिशेब.
मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा हुकली होती
आणि औशाची ट्रॅव्हल्स साडेनऊला होती.

नव्या पेठेत बावीस वर्षं मी पोरं जेवू घालते.
अर्धी टाकलेली पोळी कुणाची ते ताट न बघता सांगते,
आज कुणी घरी फोन केला, तेही.
आग्रह हाच माझा धंदा. अजून एक घे. भात घे थोडा.
मग हे नऊ जण तोंडं उघडून काचेशी येणार
आणि मी हात आखडता घेणार?
पोळीचा चुरा टाकला. दुपारी परत.
रात्री भांडी झाल्यावर, झोपताना, एकदा असाच.

चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं.
पाच जण आडवे, पोटं टम्म.

अत्तारांच्या दुकानात त्यांचा धाकटा होता.
विचारलं त्याने, काय घालता? मी सांगितलं.
हसला नाही. म्हणाला, मावशी, मासा सहसा
उपाशी मरत नाही. उरलेलं मारतं त्याला.
दोन मिनिटांत संपेल एवढंच, चिमटीत मावेल तेवढं,
आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही.
मला रागच आला.
चिमटीने मी हिंग घालते, जेवण नाही.

आता बुधवारी रात्रीच दोन बादल्या भरून ठेवते.
गुरुवारी नळ कोरडा,
आणि ताज्या पाण्याला तो औषधाचा वास,
रात्रभर उघडं राहिलं की उडतो. वर जाळी, नाहीतर मांजर.
तिसरा हिस्सा काढायचा, तेवढाच घालायचा.
सगळं बदललं तर बिचकतात.
काढलेलं पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला; तो माजलाय नुसता.
पोरं आमटीतली पानं ताटाच्या कडेला लावतात.
त्यांना मी काही सांगत नाही.
लाईट गेली की पंप थांबतो,
मग मगाने पाणी उंच धरून सोडत बसते,
बाळाची आमटी निववावी तसं.

उरले चार. दोन मोली, एक गोल्डफिश,
आणि तो काळा सकर, काचेला तोंड लावून चिकटलेला,
मागायला कधी वर येत नाही.
हणमंतही ताट पुढे करायचा नाही.
वाढेपर्यंत मिठाकडे बघत बसायचा.

पाच-सहा आठवड्यांनी गल्ल्याजवळचा डबा बोलतो,
पाचशे रुपये प्राप्त झाले.
डब्यातली बाई नाव सांगत नाही, ते फोनवर बघावं लागतं.
सोबत त्याचा एक शब्द नसतो.
नऊशे राहिलेत अजून.
मीही त्या पाचांचं कळवलेलं नाही.

रविवारी सकाळी फीस्ट, पुऱ्या तळून खांदे भरून येतात.
संध्याकाळी पाटी लावते, शटर अर्धं ओढते,
उजेड फक्त टाकीतल्या ट्यूबचा.
तिघे येतात काचेशी, सवयीने, उघड-मीट, उघड-मीट.
आज नाही रे, म्हणते.
मग हाताला काय करायचं ते कळत नाही,
तो पदराचं टोक गुंडाळतो, सोडतो.
सकर काच चाटत
हळूहळू खाली उतरतो.