आठचा आकडा

पांढरकवड्याला मंगळवारी लायसनचं शिबिर असतं.
विश्रामगृहामागच्या मैदानात
चुन्यानं आखलेला आठचा आकडा,
पाय न टेकता गाडी फिरवायची.
माझ्या आधीचा पोरगा दुसऱ्या वळणावर टेकला.
मी नाही टेकले.
कापसानं भरलेली बंडी
नाल्याच्या उतारावर रोखून धरलीय मी,
ही तर स्कूटी.

खिडकीतून हाक आली : टेकाम जयश्री भुजंगराव.
वय अठरा, वर दोन महिने.
जन्माचा दाखला, आधार, पत्ता, सही,
फोटोला हसू नका.
रक्तगट कोणता?
मग खाली एक बारीक रकाना :
मेल्यावर अवयव द्याल का?
मी थोडी थांबले. मग म्हटलं, लिहा हो.
डोळे घ्या, काळीज घ्या, चालत असेल तर.
मत द्याल का,
असा रकाना मात्र नव्हता.
मी कागद उलटूनही पाहिला.

संध्याकाळी अंगणवाडीच्या बेबीताई आल्या,
काखेत यादी, पिशवीत सहा नंबरचे फॉर्म.
जन्माचा दाखला दे, आधार दे, फोटो दे.
"सकाळीच तं देल्लं ना सरकारले?"
"ते सरकार वायलं वं बाई. हे वायलं."

यादीत माझा आजा होता.
अनुक्रमांक दोनशे चौदा.
जाऊन चार वर्षं झाली,
पण यादीत त्याचं वय दरसाल वाढतंच आहे,
आता शहाऐंशी.
बेबीताईंनी दोनदा कळवलं.
आई म्हणाली, राहू द्या,
कुठंतरी आहे म्हणायला बरं वाटते.

पोडावरची एकोणीस घरं बाकी होती
आणि बेबीताईंची टाच सुजलेली.
मी गाडी काढली.
समोरचा लाल एल सोलून टाकला होता,
गोंदाचा डाग तेवढा राहिला होता.

पोडावर कोलामाची एक पोर,
माझ्याएवढीच असेल, नाहीतर मोठी.
बेबीताईंनी तिच्या आईला तारीख विचारली.
तिनं टेकडीकडं पाहिलं, बोटं मोजली,
म्हणाली, ज्या साली मोहाला लई फूल आलं होतं
त्याच्या पुढच्या साली.

याच्यासाठीही रकाना नव्हता.
बेबीताई फॉर्म मांडीवर ठेवून
पेन दातात धरून बसल्या.
अंधार पडत होता, पोडावर लाईन नव्हती.
मी गाडी सुरूच ठेवली,
उजेड त्यांच्या कागदावर पडेल अशी.