रिकाम्या पोटी

सकाळी साडेसहा. कॅनडा कॉर्नरच्या लॅबबाहेर
माणसं रिकाम्या पोटी उभी,
चहाच्या टपरीकडे पाठ करून.
मी नळ्या यंत्रात गरगर फिरवते. रक्त तळाला बसतं,
वर उरतं पिवळं पाणी. कुणाचं नितळ,
कुणाचं दुधाळ,
जशी कालच्या मिसळीची तर्री अजून उतरलेलीच नाही.

कावेरीबाई बोरस्ते, वय चोपन्न,
डाव्या छातीवर टाक्यांची वाळलेली शिवण.
विचारतात, "तुपानं झालं का हो हे?
दोन्ही बाळंतपणांत वाटी वाटी प्यायले मी."
मला उत्तर येत नाही.
मला फक्त शीर सापडते.

निलोफर कोकणी, अभ्यासवाली डॉक्टर, म्हणते,
नुसती रक्तातली चरबी बघून फसशील.
गाठ आधी गुपचूप चरबी खाते,
आकडा उतरतो,
आणि आपण म्हणतो, बघा, कमी चरबीनं झालं.
चोर आधी आला की दार आधीच उघडं होतं,
सकाळी उठून कसं सांगणार?
म्हणून मागे जायचं,
दाराच्या मागे, चोराच्या मागे,
पहिल्या घासाच्याही आधी.

"तुमच्या सातपूरच्या भिशीत चिठ्ठी कोण काढतं?"
कुणाचंतरी लहान पोर, म्हटलं मी.
त्याला ना कुणाची गरज ठाऊक, ना कुणाची लबाडी.
"तस्संच. आईच्या पोटी येण्याआधी
एक चिठ्ठी तिच्या डब्यातून, एक बापाच्या.
कुणाला चरबी चढवणारं अक्षर, कुणाला उतरवणारं.
चिठ्ठीला तूप माहीत नाही, तंबाखू माहीत नाही,
बंगला की चाळ, तेही नाही.
आता लाखभर चिठ्ठ्या उघडायच्या,
दोन ढीग लावायचे
आणि गाठी मोजायच्या."

मला पटलं. तरी झोप आली नाही.
पंचवटीत उपाध्यांच्या वहीत आमच्या सात पिढ्या आहेत,
पणजोबांची मोडीतली सहीसुद्धा.
बायका नुसत्या 'कुटुंब'.
आईच्या पापण्यांवर हळदीएवढे पिवळे, फुगीर ठिपके होते.
तिला ते कुणाकडून आले, वही सांगत नाही.
माझ्या उजव्या पापणीवर दिवाळीपासून एक आहे.

दीड वर्षानं निलोफरचा फोन.
"आकडा आला. एक पाय एकाच्या अलीकडे, एक पलीकडे."
म्हणजे?
"म्हणजे अजून माणसं हवीत."

कावेरीबाईंना मी एवढंच सांगितलं,
तुपानं झालं असं म्हणता येत नाही.
नाही झालं, असंही नाही.
आणि भिशीचं सांगितलं, जमेल तसं.
त्या बराच वेळ कापूस दाबून बसल्या.
मग म्हणाल्या, "पोरगं कुणाचं होतं, चिठ्ठी काढणारं?"

पिशवीतून डबा काढला. शिरा, कडेनं तूप सुटलेला.
"घ्या, गरम आहे."
नको म्हटलं. माझी नळी
अजून भरायची होती.