हाताला गुण

केतकी, तुझा गुलाब वाळला म्हणून आलीस
आणि म्हणालीस, काकू, तुमच्या हाताला गुण आहे.
तसं काही नसतं गं.
मी नर्सबाई. एकतीस वर्षं नोकरी, सहा बदल्या,
आणि प्रत्येक क्वार्टरच्या मागे चार हात जागा.
तिथे जी माती असेल ती आपली.

सुरगाण्याला तांबडी.
गणवेशाच्या पांढऱ्या साडीला तिने गेरूचा काठ लावला
तो शेवटपर्यंत निघाला नाही.
पाणी ओतलं की खाली जायचं, कुणी हाक मारल्यासारखं,
आणि जाताना खतही घेऊन जायचं.
माझी मेथी बोटभर होऊन थांबली.
सोनीबाई गावित कुंपणापलीकडून हसली:
बाई, हिला मागायचं काय ते ठरलेलं हाय.
नागली माग. वरई माग. आळू माग.
आळूची पानं सुपाएवढी झाली.

येवल्याला पांढुरकी, चुनखडीची.
मोगरा पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या.
दिवसभर बायांच्या पापण्या ओढून बघणारी मी,
म्हटलं, लोह कमी.
माती परीक्षणवाले कडलग म्हणाले, कमी नाही,
आहे भरपूर, पण चुना मूठ सोडत नाही.
मग पोरींना गोळ्या आणि मोगऱ्याला हिराकस,
शेणात मुरवून, दर पंधरा दिवसांनी.
मागावर बसणाऱ्या शमीमच्या दारात बोर होती.
तिला कुणी काहीच देत नव्हतं
आणि ती काट्यासकट लगडलेली.

निफाडची काळी. लोकांना वाटतं, काळी म्हणजे झालंच.
चैत्रात तिला अशा भेगा, की माझं थर्मामीटर
एकदा आत गेलं ते गेलंच.
श्रावणात चपलेला किलोभर चिकटायची.
पपई मेली तिथे माझी,
तहानेनं नाही, पाण्यानं.
तेव्हापासून मी गादीवाफा केल्याशिवाय
काळीत काही लावत नाही.

सिन्नरला वीतभर माती, खाली मुरूम.
कुदळ मारली की ठिणगी.
ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रंगनाथ तळ्यातला गाळ आणायचा,
गाडीतून नाही हो, स्वतःच्या सायकलवर, गोणीत.
शेवगा मात्र गाळ यायच्या आधीच उगवून बसला होता.

कडलगांनी मला नमुना घ्यायला शिकवलं:
आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा,
इंग्रजी व्हीसारखा. सगळी माती गोणपाटावर.
चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे.
उरलेलं मिसळायचं. पुन्हा चार, पुन्हा दोन टाकायचे.
अर्धा किलो उरेपर्यंत.
बदलीचं सामान बांधताना मला हे आठवायचं.

आता इथे, पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमध्ये
खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे,
वर बिल्डरनं ओतलेली ट्रॉलीभर काळी.
कुठल्या शिवारातली, कुणाला विचारणार?

तुझा गुलाब मी सकाळी उपटला. रागावू नकोस.
नर्सरीतून आला तो तांबड्या गोळ्यात,
तू तसाच काळीत ठेवलास.
दोन वर्षं मुळं त्या गोळ्यातच गोल गोल फिरली गं,
एकही बाहेर आलं नाही.
पाणी भोवतीनं जात होतं
आणि आतला गोळा कोरडा, दगड.
मी तो बादलीत भिजवला, बोटांनी फोडला.
जरा वेळ लागला. जरा मुळं तुटलीही.

मग नखानं साल खरवडली,
नाडी बघावी तशी, सवयीनं.
खाली हिरवं आहे.

रविवारी ये. वाळू आण दोन पाट्या,
शेणखत माझ्याकडे आहे.
आणि ती नवी चप्पल घालून येऊ नकोस.