एक ते पाच

पणजीहून बाई आली, हातात फॉर्म.
गावाचा आधार किती? एक ते पाच.

कायतान पोस्टमन अजून टपाल वाटतो.
दिवाडीत कुणी विचारत नाही, कसलं.
शेवंतीनं विजेचं तेच जुनं बिल
तिसऱ्यांदा घेतलं, सही करून.
फेरीबोटीवरचा सोयरू त्याला नदीपार नेतो,
उतरू न देता परत आणतो:
"आज पलीकडे सुट्टी, पात्रांव."
शाळा सुटल्यावर पोरं पाकिटं गोळा करतात,
पुन्हा पिशवीत भरतात त्याच्या.

बाईचं पेन पाचावर टेकलं.

इर्मेलीन, त्याची बायको, म्हणाली,
"दिवस गावाचा, बाय.
रात्री दोनला तो मलाच विचारतो,
या घरात कोण राहतं?
मी सही करते.
परत करते.
फेरी तेव्हा बंद असते."