अकरा मीटर

मी टेप घेऊन पोचले तेव्हा
स्वयंपाकघराची फरशी उखडलेली होती,
आणि टेगिड न् नेरिस मातीच्या काठाशी उभे,
हातात चहाचे मग,
कुणाला तरी पुरायला आल्यासारखे.

"बॉयलर केवढा लागेल?" त्याचा पहिला प्रश्न.
म्हटलं, आधी घर कुठून गळतं ते बघू.
फुटक्या घागरीवर मोठा नळ सोडून काय उपयोग?
तो हसला नाही.
पाटीच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस,
दगडाबद्दल बाहेरच्यांनी बोललेलं त्याला खपत नाही.

उत्तरेची भिंत अर्धा मीटर जाड, चुन्यातली.
तिला आतून लाकडी तंतूंचं अस्तर,
प्लास्टिक नाही, नाहीतर ओल आतच कुजेल.
माळ्यावर जुन्या लोकरीचा थर, बोटभर,
उंदरांनी त्यात तीन पिढ्या काढलेल्या.
फरशी उखडलीच आहे तर खालून नळ्या फिरवू,
पंचेचाळीस अंशांचं पाणी पुरेल,
बाहेर पंप, कोळशाच्या जुन्या खोपटाजागी,
वर रेडिएटर मोठे, पण कोमट.
"कोमट?" नेरिस म्हणाली,
शब्दाला हात लावून बघावा तशी.

राहतात किती जण?
"दोघं." मग जरा थांबून,
"नाताळात सात. गेल्या वर्षी कुणी आलं नाही."
मी दोन लिहिलं. टाकी मात्र
दोनशे दहा लिटरची धरली.

झोपायची खोली अठरा. बैठकीची एकवीस.
मागची?
"तिथं माझं बटाट्याचं बियाणं असतं," टेगिड,
"आठ चालेल."
माझ्या तक्त्यात बारापेक्षा खाली आकडाच नव्हता.
पेन्सिलीनं आठ लिहिला.

मग वरच्या न्हाणीघरात गरम नळ सोडला
आणि घड्याळ लावलं.
दहा सेकंद. तीस.
नेरिसनं न बघताच पायानं बादली सरकवली खाली,
गंजक्या कडीची, निळी.
पन्नास. बॉयलर खाली कुठंतरी खोकला.
सत्तराव्या सेकंदाला वाफ.
नळीची लांबी अकरा मीटर,
तिच्यात रात्रभर पडून थंड झालेलं पाणी
आधी बाहेर यावं लागतं, रोज.

"एकोणतीस वर्षं," ती म्हणाली,
"बादली हा खाली नेतो. लीकच्या वाफ्याला."

मी तिथंच, टबाच्या कडेवर बसून रेघ ओढली:
टॉवेलांच्या कपाटात टाकी,
नळापासून दोन मीटर, नळीला जाड आवरण,
आठ सेकंदांत कढत.
वर्षाला वाचणारे लिटर मांडून दाखवले.
नेरिसनं आकडा दोनदा वाचला,
माहेरचं पत्र वाचावं तसा.

टेगिड दारात होता.
"मग बादलीत काय येणार?"
पावसाचं पिंप लावा, मी म्हटलं,
तुमच्या या गावात आभाळ कधी कोरडं असतं?
"पाऊस आहेच," तो म्हणाला.
"पण मला वर यायला लागतं ना सकाळी, बादलीसाठी.
तेव्हा ही आरशापुढं असते."
आणि खाली निघून गेला, लाजल्यासारखा,
जिन्याची तिसरी पायरी वाजली.

याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
मी टाकी हलवली नाही.

फेब्रुवारीत सगळं चालू करून द्यायला गेले.
पंप गुरगुरत होता, शेजारी बर्फ साचलेला.
स्वयंपाकघरात नेरिस अनवाणी.
वर जाऊन नळ सोडला:
एक, दोन... आठ. चोख.
सह्या झाल्या, दर आठवड्याला टाकी एकदा
साठ अंशांवर नेण्याचं बटण दाखवलं,
जंतू होऊ नयेत म्हणून.

निघताना दिसली
टबाखाली निळी बादली, अर्धी भरलेली.
बोट बुडवून पाहिलं.
गार.
थंड पाण्याच्या नळाचं.
बोट कोटाला पुसलं
आणि बिलात ते कुठंच लिहिलं नाही.