जुनी किरद, नग सात

चिचटोल्याच्या शाळेचा चार्ज घेताना
यादीत बत्तिसावी नोंद होती:
"जुनी किरद, नग सात, वाळवीसह."
"वाळवीसह" गभणे गुरुजींच्या हातचं,
निवृत्तीच्या आदल्या दिवशी, लाल शाईत.

सगळ्यात खालची वही बोर्डाच्या शाळेची.
डिप्टीसाहेब बैलबंडीतून आले,
तिसरीला पडवीत उभं केलं.
नवांना तेराचा पाढा आला,
तर नवांचेच पैसे.
दहावा, कुणी डोमा वल्द झाडू,
तेरा साते एक्याण्णववर अडकला.
त्याच्या अडकण्याची किंमत समासात आहे:
वजा सहा आणे.

पुढे सूत्र बदललं. पोरांऐवजी खोल्या मोजल्या.
आमच्या दोन खोल्या, एक पडवी.
पडवीला भिंती तीनच,
म्हणून पडवी खोली नव्हे.
चौथीचा वर्ग भरायचा तिथेच,
चौथ्या भिंतीच्या जागी
धानाची बांधी आणि बगळे.

मग आलं शेकडा चार,
मास्तरांच्या पगारावर,
खडू, झाडू, रजिस्टर, घंटेची दोरी यांसाठी.
जुने मास्तर बदलून गेले,
नवा पोरगा आला कमी पगारावर
आणि त्या साली खडूही कमी आले.
पोट्टे म्हणायचे, नवे सर कंजूस आहेत.
त्यानं ते ऐकलं असणार.
पुढल्या पानावर एक ओळ आहे:
"खडू पेटी एक, स्वखर्चाने."
खाली सही, तारीख,
आणि मंजुरीच्या रकान्यात कुणाचंच काही नाही.

आता पट.
तीसपर्यंत एक आकडा,
एकतीस झाले की दुसरा, कितीतरी मोठा.
एकतिसावं मूल एकटं नसतं आता,
त्याच्या पाठीवर छपराचे पत्रे असतात,
विजेचं थकलेलं बिल,
मुलींच्या संडासाचं दार.

माझ्याकडे एकतीस आहेत.
मी रोज मोजते, हाताने, डोक्यांवरून.
पोर्टल म्हणतं, तीस.
शाळेत खुशाल, आधारवर कुशाल,
एका ख-पायी पोरगा
बसलाय पण नाही.
सप्टेंबरच्या तीस तारखेच्या आत जुळवा, म्हणाले केंद्रप्रमुख.
त्याचा बाप डोलीराम दोनदा आमगावला जाऊन आला.
एकदा सर्व्हर बंद,
एकदा पोराचा अंगठाच उमटेना.
"दोन रोजी बुडल्या जी मॅडम," म्हणाला,
"पोट्टा तर तुमाले दिसतेच ना समोर?"
दिसतो.
दिसणं कुठल्या रकान्यात भरायचं,
ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

फुलवंताबाई चुलीपाशी ऐकत होती.
"माह्या नातीले लिवून घ्या. साडेचारची हाय,
पन उंच हाय."
मी हसले. मग हसू थांबलं,
कारण मी त्या पोरीकडे
जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.
नाही लिहिलं.
त्याचा अभिमानही नाही वाटला.

तांदूळ तीस जणांचा येतो, ग्रॅमवर.
फुलवंता ग्रॅम वाचत नाही.
आधी साऱ्यांना एकेक पळी,
मग कुणाची ताटली कशी वाजते त्यावर.
खुशाल कुंभरेची फार वाजते.

तीस तारीख गेली. पट तीस.
डोमा आणि खुशाल, आडनावं जुळतात का
ते पाहायचा मोह झाला.
वहीतलं आडनाव वाळवीनं खाल्लंय.
बरंच झालं.

काल रात्री ग्रुपवर नवं परिपत्रक आलं:
सुधारित निकष, वाचून पोच द्यावी.
मी उघडेपर्यंत
खाली अंगठ्यांची रांग लागली होती,
सगळे स्पष्ट उमटलेले.

मी नवी वही आखली.
पहिली ओळ: "उपस्थित एकतीस. मोजणार, मी."
यादीत दुरुस्ती केली, नग आठ.
वाळवीचं काही लिहिलं नाही.
तिला अजून
इथवर यायला वेळ आहे.