किल्ली

बंद पडलेल्या दाळमिलची काट्याची खोली
ताईंनी मागून घेतली, तेव्हा
भिंतीच्या भेगांतून अजून तुरीचं भूस गळायचं.
झाडायला आम्ही सातजण, सातही जण शिंकत.
मालकाची एकच अट होती, वजनकाटा हलवायचा नाही.
म्हणून तो मधोमध तसाच राहिला,
आणि पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं
कुणी न सांगता स्वतःला तोलून घेतलं.
मी भरलो एकेचाळीस किलो. नववी नापास.

पहिले दोन महिने नुसता कॅरम.
फळ्यावरचं 'युवा विकास उपक्रम, उदगीर'
व्यंकटनं बाहीनं पुसून तिथं गुण मांडले.
ताईंनी ते तसेच राहू दिले.
नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं,
त्या दिवशी खोलीत चिटपाखरू नसायचं;
हजेरीच्या त्या रकान्यात त्यांनी
लाल पेनानं लिहून ठेवलं : पाणी.

मग एका संध्याकाळी गंगासागर आणि शिरीन
दारात चपला न काढता उभ्या राहिल्या.
"आमचा नंबर कधी?"
कुणीतरी हसलं.
कोण हसलं ते मला चांगलं माहीत आहे.
तीन दिवस भांडण चाललं
(ताई त्याला बैठक म्हणायच्या),
शेवटी मंगळवार-गुरुवार पोरींचे ठरले
आणि शनिवार सगळ्यांचा.
पहिल्याच शनिवारी शिरीननं मला
पंचवीस-चारनं धुतलं.

त्याच रात्री स्ट्रायकर हरवला.
तीन दिवस तो माझ्या खिशात होता,
चालताना मांडीला गार लागायचा.
चौथ्या दिवशी कुणाचं लक्ष नाहीसं बघून
मी तो वजनकाट्याच्या फळीवर ठेवला.
काटा हललासुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी, बस पकडायच्या घाईत,
ताईंनी सुतळीला बांधलेली किल्ली
माझ्या हातावर टेकवली.
"उद्या पाचला तू उघड."
एवढंच.

खोलीत होतं काय?
कॅरम, फळा, चौदा जुनी पुस्तकं,
साडेतीनवर थांबलेलं घड्याळ.
तरी मी उशाखाली किल्ली घेऊन झोपायचो.
आई म्हणायची, "कायचा खजिना हाय रे ह्यो?"

जो उघडतो त्यालाच झाडावं लागतं,
झाडलं की हजेरी घ्यावी लागते,
आणि हजेरी घेताना कळतं की
बब्रुवान नऊ दिवस आलेला नाही.
मग त्याच्या बापाच्या पंक्चरच्या टपरीवर जावं लागतं.
ट्यूब पाण्यात दाबत तो म्हणाला,
"गणित येत न्हाई. फारम भरत न्हाई."
मला तरी कुठं येत होतं!
त्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना शिरीननं शिकवलं,
चुकलो की सोंगटीनं
फळीवर टकटक करायची.
अजूनही कुठं टकटक झाली की
मी मनात हातचा तपासतो.

सहा वर्षांनी ताईंना नांदेडला भेटलो.
वाटेत वाक्य तयार केलं होतं, दोनदा बदललंही.
"तेव्हा किल्ली मलाच का दिलीत?"
चहात खारी बुडवत त्या म्हणाल्या,
"अरे, तुझं घर सगळ्यात जवळ होतं!"

मी हसलो.
परतीच्या बसमध्ये, लोह्याच्या आसपास,
थोडं वाईटही वाटलं.
मग उदगीर आलं,
पाच वाजायला आले होते,
मी स्टँडवरून सरळ खोलीकडंच गेलो.

आता सुतळी तिसरी आहे, किल्ली तीच.
काल आठवीतली महानंदा
भिंतीकडं तोंड करून शेवटपर्यंत बसली होती.
दिवाळीपासून येते,
सगळे मिळून वीस शब्द बोलली असेल.
निघताना मी किल्ली तिच्यापुढं धरली.
"मलाच कामून?"
"तुझं घर जवळ आहे."

ती राहते रुळाच्या पलीकडं,
वीटभट्ट्यांच्याही पुढं.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग किल्लीकडं,
सुतळी दोनदा मनगटाला गुंडाळली
आणि अंतर मोजून आल्यासारखी म्हणाली,
"व्हय. जवळच हाय."